सुलभावहिनींचं चांदीचं वाण

परदेशातल्या मराठी माणसांच्या घरात किस्से साठतात ते प्लास्टिकच्या डब्यांसारखे. मुद्दाम कुणी जमवत नाही, पण दर संक्रांतीला दोन-चार वाढतात, आणि एक दिवस कपाट उघडलं की सगळे अंगावर येतात. आमच्या सिंगापूरच्या, जुरोंग ईस्टच्या ग्रुपचे बरेचसे किस्से मी इतक्या वेळा सांगितलेत की माझी मुलगी शेवटचं वाक्य माझ्याआधी म्हणते आणि वर इथल्या इंग्रजीत "सेम स्टोरी लाह, आई," असंही ऐकवते.

हे मात्र मी चारचौघांत कधी सांगितलं नव्हतं. सुलभावहिनी समोर असायच्या ना. आता त्या आणि चीफ कायमचे पुण्याला गेले, त्यामुळे मला डोळे वटारून गप्प करणारं इथे कुणी उरलेलं नाही. हसायला आलं तर हसा. आम्हीही बरेच दिवस हसलो होतो.

चीफ म्हणजे चीफ इंजिनियर करमरकर. आयुष्य जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेलं, त्यामुळे घरातही ओरडूनच बोलायचे. सुलभावहिनी त्यांच्या बायको. आणि मी नीला. चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेच्या बॅक ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधते, आणि तो स्वभाव एमआरटीच्या गाडीतून घरी येईपर्यंतही उतरत नाही.

* * *

आधी हळदीकुंकवाचं सांगते.

आमच्याकडे वाणाची चुरस असते. कुणी काय दिलं यावर पुढे वर्षभर बोललं जातं. एका बाईंनी एकदा चहाच्या गाळण्या दिल्या होत्या, त्यांना अजूनही मागे गाळणीवहिनी म्हणतात.

सार्सची साथ आली त्या वर्षीची संक्रांत. चीफ जहाजावर होते. वहिनींना वाण सुचेना, आणि सगळ्या चांगल्या वस्तू आधीच कुणी ना कुणी देऊन टाकलेल्या. शोधाशोध करताना कपाटावर, चीफच्या जुन्या बॉयलर सूटमध्ये गुंडाळलेला एक स्टीलचा डबा सापडला. आत एक मातीचं बुटकं मडकं, आणि मडक्यात चांदीची नाणी. तीसेक असतील. लहान, वेडीवाकडी, काळी पडलेली. एका बाजूला जहाजाचा नांगर आणि त्याच्याशेजारी कोळंबीसारखं काहीतरी. दुसऱ्या बाजूला डोळे वटारून जीभ बाहेर काढलेला बाईचा चेहरा, केसांच्या जागी साप.

आता जहाजावरच्या माणसाची बायको नांगर बघून काय समजणार? तिच्या घरात नांगराचे टॉवेल, नांगराच्या कीचेन, नांगराचे मग. कंपनी दर वर्षी काहीतरी देतेच. शिवाय या डब्याबद्दल त्यांनी चीफना पूर्वी एकदा विचारलं होतं, तेव्हा चीफ म्हणाले होते, जहाजावरचं आहे, राहू दे. वहिनींनी ठरवलं की कंपनीने या वेळी चांदीचं दिलंय आणि नवऱ्याला नेहमीप्रमाणे त्याची किंमत नाही.

मग त्यांनी ती चिंचेच्या कोळात भिजवली, रांगोळीने घासली आणि लखलखीत केली. तिळगुळाबरोबर एकेकीच्या हातावर एकेक ठेवलं.  चांदी! गाळण्या देणाऱ्या बाईंचा चेहरा मला स्वयंपाकघरातूनही दिसला.

कानिटकर काकू आमच्यात सगळ्यात मोठ्या, सोवळंओवळं काय ते त्यांना विचारायचं. त्यांनी नाणं उलटंपालटं केलं आणि सांगून टाकलं, ही कालिका, दृष्ट लागू नये म्हणून असते. सगळ्यांनी नाण्याला नमस्कार केला. काहींनी तिच्या जिभेवर कुंकूही लावलं.

मी स्वयंपाकघरात का होते? माझा नवरा त्याच्या दोन वर्षं आधी गेला होता. तरीही वहिनी मला दर वर्षी बोलवायच्या, "नीला, तुझ्या हातच्या कॉफीशिवाय आमचं हळदीकुंकू होत नाही हं," असं म्हणून. मी जायची आणि दूध ढवळत उभी राहायची. बाहेर वाण वाटणं चालायचं. वाईट वाटायचं का? वाटायचं. पण त्या संध्याकाळी घरी बसून राहण्यापेक्षा कॉफी ढवळलेली बरी.

* * *

चीफ परत आले ते ऐन सार्समध्ये. विमानतळावर ताप मोजून, मास्क लावून घरी पोचले. लिफ्टमधून बाहेर आले तर दारापाशी कॉरिडॉरमध्ये तुळस. तुळस नवी होती आणि कुंडी ओळखीची होती.

ते मडकं रिकामं झाल्यावर वहिनींनी त्यात तुळस लावली होती. पाणी साचून डास नकोत म्हणून जोगळेकरांना बोलावून बुडाला भोक पाडून घेतलं होतं. हे जोगळेकर रॅफल्स प्लेसला एका बँकेत कम्प्लायन्समध्ये. नवीन ड्रिल मशीन घेतल्यापासून कुणाच्याही घरी कुठेही भोक पाडायला तयार असायचे. काम झाल्यावर माती भलतीच कच्ची आहे, क्वालिटी नाही, असं मतही देऊन गेले होते.

चीफ बॅग खांद्याला तशीच ठेवून त्या कुंडीसमोर किती तरी वेळ उभे होते. वहिनींना वाटलं तुळस आवडली. त्यांनी कौतुकाने सांगितलं की आतलं पण वाया गेलं नाही, सगळं वाणात दिलं, आणि बायका अजून नाव काढतायत.

चीफ आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलले असतील.

"सुलभा, ते माझं नव्हतं गं."

* * *

कुणाचं होतं ते आम्हाला नंतर कळलं. सार्समुळे महिना-दीड महिना कुणी कुणाच्या घरी जात नव्हतं. मग चीफनी मला आणि जोगळेकर नवराबायकोला बोलावून सांगितलं.

स्तोयान हा त्यांचा सेकंड इंजिनियर. बल्गेरियाचा, काळ्या समुद्रावरच्या सोझोपोल नावाच्या गावचा. दोघांनी बरीच वर्षं एका इंजिनरूममध्ये घाम गाळलेला. गावापासून थोडं आत त्याच्या वडिलांचा द्राक्षांचा मळा होता, शेजारी एक जुनं मातीचं टेकाड. वेलींसाठी खांब रोवताना कुदळीला ते मडकं लागलं. तिकडे तेव्हा रात्री-अपरात्री मशीन घेऊन जमीन उकरणाऱ्या टोळ्या फिरत होत्या. बातमी फुटली असती तर मळा तर गेलाच असता, म्हाताऱ्याला मारहाणही झाली असती. स्तोयानने मडकं सामानात दडवलं आणि जहाजावर आणलं. कुठल्यातरी बंदरात विकून टाकावं असा विचार होता. विकवेना. परत न्यायचीही भीती. शेवटी सिंगापूरला उतरताना त्याने ते चीफच्या हातात दिलं. म्हणाला, तुझ्याकडे ठेव. तिकडे जरा शांत झालं की येऊन घेऊन जाईन आणि गावातल्या म्युझियमला देईन. फक्त एक कर, वेगळं करू नकोस. आहे तसं एकत्र राहू दे.

चीफनी बायकोला सांगितलं नाही, कारण कागदपत्रं नसलेली वस्तू घरात आहे म्हटल्यावर तिला झोप लागली नसती. त्यांनी तिची झोप वाचवली आणि त्याचं हे असं झालं.

वहिनी भिंतीला टेकून ऐकत होत्या. रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की मला विश्वासात घेतलं असतं तर मी त्याला रोज फूल वाहिलं असतं.  

जोगळेकरांनी मात्र घरी जाऊन इंटरनेट पालथं घातलं. त्या भागात अडीच हजार वर्षांपूर्वी थ्रेशियन लोक राहायचे. सोन्याचांदीचं काम असं करायचे की बघत राहावं. राजाला त्याच्या घोड्यासकट टेकाडाखाली पुरायचे, आतल्या भिंती रंगवायचे. पण स्वतःबद्दल त्यांनी जवळजवळ काही लिहून ठेवलं नाही. जे काही कळतं ते जमिनीतून निघतं त्यावरून. नांगराची नाणी किनाऱ्यावरच्या ग्रीकांच्या शहरातली, आणि मडकं हाताने थापलेलं, आतल्या गावातलं, थ्रेशियन.

"म्हणजे कुणीतरी थ्रेशियन माणूस किनाऱ्यावरची चांदी घरी घेऊन आला आणि आपल्या मडक्यात पुरून ठेवली," जोगळेकर म्हणाले. "मडकं आणि नाणी एकत्र असतील तरच हे कळतं. सुटं सुटं काही बोलत नाही." आणि मग त्यांना आपलं ड्रिल मशीन आठवलं. 

* * *

आता नाणी गोळा करायची. पण वाण परत कसं मागणार? दिलेलं वाण परत घेणं म्हणजे त्या बाईचं सौभाग्यच परत मागितल्यासारखं. वहिनींना तर कुणाला फोन लावायचंही धाडस होईना.

शिवाय कोणाकोणाला दिलं होतं हेही सांगता येईना, कारण बायका ओळखीच्या ओळखीने आलेल्या. वहिनींना नाव एकीचंही आठवत नव्हतं, साडी प्रत्येकीची आठवत होती. मोरपंखी नारायणपेठ. काळी चंद्रकळा, पदर विटका. ती लांब हातांच्या ब्लाउजची, कांजीवरम म्हणून सांगते पण नाहीये. मी आणि जोगळेकरांची मेधा फोन लावत सुटलो, आणि प्रत्येक फोनची सुरुवात "संक्रांतीला तुम्ही कुठली साडी नेसला होतात?" अशी. दोघींनी मला वेडी समजून फोन ठेवला.

तोडगा काढला तो कानिटकर काकूंनी. वाण परत घेता येत नाही, त्या म्हणाल्या, पण पुढे देता येतं. ज्याची वस्तू त्याची बायको असेल ना? तिला बोलवा. रीतसर हळदीकुंकू करा. प्रत्येकीने आपलं नाणं तिला वाण म्हणून द्यायचं. आमचंही मोडत नाही आणि त्याचंही त्याला मिळतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. काकूंचं डोकं अशा बाबतीत आमच्या बँकेच्या लीगल डिपार्टमेंटपेक्षा चांगलं चालतं.

तोवर नाण्यांचं काय काय झालं होतं! एका नव्या सुनेने सेरंगून रोडवरच्या सोनाराकडून कडी डाखून घेऊन ते मंगळसूत्रात ओवलं होतं. एकीने भोक पाडून बाळाच्या करगोट्यात बांधलं होतं, आणि बाळाने ते चावून चावून नांगराची एक बाजू सपाट केली होती. एक नाशिकला गेलं होतं, ते कुणाच्या तरी सासूबाईंच्या कंबरेच्या पिशवीतून परत आलं. सावंतांनी नव्या कॉन्डोची वास्तुशांत केली तेव्हा ते आग्नेय कोपऱ्यात मार्बलखाली बसवून टाकलं होतं. पुढे सावंत कॉन्डो विकून ऑस्ट्रेलियाला गेले. ते नाणं अजून तिथेच, कुणाच्या तरी फ्रिजखाली.

मला त्या फ्रिजखालच्या नाण्याचं फार वाटतं. एवढी वर्षं आपल्या माणसांत राहिलं आणि आता एकटं पडलं.

* * *

जोगळेकरांच्या घरचं नाणं हा वेगळाच प्रकार. मेधाने ते दाराजवळच्या बशीत ठेवलं होतं, किल्ल्या आणि सुट्टे असतात तिथे. जोगळेकर सकाळी मूठ भरून सुट्टे उचलायचे आणि खालच्या कोपीटियाममध्ये, म्हणजे इथल्या चहा-कॉफीच्या हॉटेलात, कोपी प्यायचे. त्या थ्रेशियन माणसाची चांदी त्यांनी पाच सेंट म्हणून देऊन टाकली.

आठवल्याबरोबर धावले. कोपीवाल्या अंकलना तो जीभ काढलेला चेहरा दिसला होता. त्यांनी तो गल्ल्यात न टाकता कोपऱ्यातल्या देव्हाऱ्यात, लाल दिव्याखाली, संत्र्यांच्या शेजारी ठेवला होता. जोगळेकरांनी परत मागितलं तर अंकल म्हणाले, "ऑलरेडी गिव्ह गॉड, हाउ टु टेक बॅक?"

जोगळेकरांनी डोक्याला हात लावला. हेच वाक्य ते आठवडाभर मराठीत ऐकत होते.

अंकल तसे चांगले. म्हणाले, मी कोण देणारा, देवालाच विचारू. लाकडाचे चंद्रकोरीसारखे दोन तुकडे काढले, हात जोडले आणि जमिनीवर टाकले, कसे पडतात त्यावरून कौल. देव नाही म्हणाला. पुन्हा टाकले, पुन्हा नाही. पुढच्या आठवड्यात या, अंकल म्हणाले.

मग जोगळेकर दर शनिवारी जायचे. संत्री न्यायचे, उदबत्ती लावायचे, उभे राहायचे, नकार घेऊन कोपी पिऊन यायचे. बँकेत लोकांचे अर्ज अडवणारा माणूस! मेधा म्हणायची, बरं झालं, कळू दे जरा. असे किती शनिवार गेले कुणास ठाऊक. एकदा तुकडे टाकले आणि देव हो म्हणाला. अंकलनी नाणं कपड्याने पुसून दोन्ही हातांनी दिलं. जोगळेकर सांगायचे की निघताना अंकलचा चेहरा पडला होता, देव्हारा रिकामा दिसतोय असं म्हणाले होते. त्यानंतरही जोगळेकर शनिवारी संत्री न्यायचे. का, ते आम्ही विचारलं नाही.

* * *

मडक्याचा किस्सा लवकर संपतो, कारण मडकंच संपलं.

तुळशीने आत मुळं घट्ट धरली होती. वहिनी तुळस तोडू देईनात, चीफ मडकं हलवू देईनात. शेवटी एका रविवारी सगळ्यांनी मिळून अलगद, अगदी अलगद ओढली. तुळस निघाली आणि मडक्याचे दोन तुकडे झाले. जोगळेकरांनी त्याच दिवशी ते इपॉक्सीने चिकटवले. इतके पक्के, की आता ते बॉम्बनेही फुटणार नाही असं म्हणाले.

त्यांनी कुणाचं नाव न घेता तिकडच्या म्युझियमला ईमेल टाकून ठेवला होता. त्याला उत्तर आलं ते सोमवारी. तिथल्या बाईंनी फार प्रेमाने लिहिलं होतं. अशी नाणी आमच्याकडे पुष्कळ आहेत, पण आपल्या मडक्यासकट सापडलेली फार थोडी. कृपा करून काहीही धुऊ नका, घासू नका आणि मुख्य म्हणजे चिकटवू नका. मडक्याच्या आत चिकटलेली माती जपा. नाणी कुठल्या क्रमाने होती ते सांगू शकाल का?

चिंच, रांगोळी, ड्रिल, तुळस, इपॉक्सी. आम्ही एकही गोष्ट सोडली नव्हती. जोगळेकरांनी तो ईमेल मला दाखवला तेव्हा आम्ही दोघं आधी हसलो. मग त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. त्या लोकांनी कागदावर काही ठेवलं नाही, म्हणाले, जे होतं ते या मडक्यात होतं, आणि आपण त्यात सिंगापूरच्या दुकानातली माती भरली.

* * *

मधे एकदा स्तोयानचा फोन आला. मी तिथेच होते, वहिनींबरोबर मेथी निवडत. कुठल्या तरी बंदरातून बोलत होता, लाइन खरखरत होती, म्हणून चीफनी फोन स्पीकरवर टाकलेला. तो हसत होता. घरी शांत आहे, म्हणाला. परवा तिकडच्याच एका टेकाडात सोन्याचा मुखवटा सापडला, सगळा देश टीव्हीसमोर बसला होता. आता पुढच्या सुट्टीत येतो, रादकालाही आणतो, तिला तुझ्या बायकोच्या हातचं जेवायचंय. रादका म्हणजे त्याची बायको.

आणि मग त्याने विचारलं, सगळं एकत्र आहे ना?

वहिनींच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. चीफ आमच्याकडे बघत होते.

"ऑल टुगेदर, माय फ्रेंड," ते म्हणाले. "ऑल टुगेदर."

फोन ठेवल्यावर म्हणाले, समोर आला की सांगेन, असं फोनवर कसं सांगू. आम्हालाही ते पटलं. त्या वेळी खरंच पटलं होतं.

स्तोयान आला नाही. पुढच्याच जहाजावर, इंजिनरूममध्ये काम करता करता बसला आणि उठलाच नाही. चीफ आजही म्हणतात, माझ्याकडून त्याने शेवटचं जे ऐकलं ते खोटं होतं.  "जाऊ द्या हो" म्हणण्याइतकं ते लहान नाही.

* * *

त्याच्या शेवटच्या जहाजाची कंपनी इथलीच होती. सह्याबिह्यांसाठी त्यांनी रादकाला सिंगापूरला बोलावलं. तिने चीफना कळवलं की नवऱ्याने ठेवलेलं घेऊन जाईन, गावच्या म्युझियमशी बोलून ठेवलंय.

वहिनींकडे पुन्हा सगळ्या जमल्या, आणि आमच्या त्या सुंदर तोडग्याची काय वाट लागली ते सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. सवाष्णीला द्यायचं वाण. आणि घ्यायला येणार होती ती काळ्या कपड्यातली.

काकू म्हणाल्या, तसंच पिशवीत घालून देऊन टाका. हळदीकुंकू, वाण वगैरे आता नको.

"सवाष्णींचं वाण विधवेच्या ओटीत घालायचं म्हणजे काय?"

तेवढ्यात मी कॉफीचा ट्रे घेऊन बाहेर आले. काकूंनी माझ्याकडे बघितलं.

"तुला नाही हं म्हटलं मी, नीला."

मी म्हटलं, साखर कमी घातलीय काकू, बघा.

 कप उचलताना वहिनींनी माझा हात जरा वेळ धरून ठेवला. मला रागच आला, खरं सांगते. इतक्या वर्षांनी हात धरून काय करायचं?

* * *

रादका आली ती रविवारी दुपारी. उंच, हाडापेराने मोठी, डोक्याला काळा रुमाल. इंग्लिश मोजकंच. हॉलमध्ये सगळ्या बायका बसलेल्या, प्रत्येकीच्या मुठीत आपापलं नाणं. काकू येणार नाही म्हणाल्या होत्या, त्या सगळ्यात आधी येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या होत्या. मी माझ्या जागी, स्वयंपाकघराच्या दारात.

चीफ तिच्यासमोर उभेच राहिले. पाठ केलेलं सगळं विसरले.

"नॉट टुगेदर," ते म्हणाले. "आय टोल्ड हिम टुगेदर. इट वॉज अ लाय."

मग त्यांनी ते चिकटवलेलं मडकं टेबलावर ठेवलं. रादकाने त्याच्या बुडाच्या भोकातून बोट घालून बघितलं.  वहिनी पुढे झाल्या, म्हणाल्या, माझी चूक, त्यांची नाही. मी या सगळ्यांना देऊन टाकलं.

रादकाने एकेकीकडे बघितलं. ज्यांच्याकडे नजर गेली त्यांनी मूठ उघडून दाखवली. कडी लावलेलं, भोक पाडलेलं, चावलेलं, उदबत्तीने धुरकटलेलं. तिने भोकवालं नाणं उचलून कशाला असं खुणेने विचारलं. बाळाच्या आईने कंबरेकडे बोट दाखवलं. रादकाच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही. रागवायला आलेली बाई तशी दिसत नाही, आणि माफ करायला आलेलीही नाही.

वहिनी आत गेल्या आणि हळदीकुंकवाची कुयरी घेऊन आल्या. काकूंकडे त्यांनी बघितलंच नाही. रादकासमोर उभ्या राहिल्या. रादकाने चर्चमध्ये वाकवतात तशी मान वाकवली. वहिनींनी हळद लावली, कुंकू लावलं, तिचा काळा स्कर्ट ओटीसारखा धरायला दाखवला, आणि आपल्याकडचं नाणं त्यात घातलं.

मग मेधा उठली. मग मोरपंखी नारायणपेठवाली, मग त्या लांब हातांच्या. एकेक जण येत होती आणि नाण्यावर नाणं पडल्याचा आवाज येत होता. सगळ्यात शेवटी काकू उठल्या. गुडघे धरत आल्या, नाणं घातलं, आणि रादकाच्या गालावरून हात फिरवून जागेवर जाऊन बसल्या.

रादकाने ओटीत बघितलं. खोलीभर नजर फिरवली. आणि ती माझ्याकडे वळली. प्रत्येक बाईने दिलं होतं, मीच राहिले होते.

"अँड यू?"

 माझ्या हातात कॉफीचा ट्रे होता.

"आय हॅव नॉट," मी म्हटलं.

"व्हाय?"

 वहिनी खाली बघत होत्या. रादका माझ्या कपाळाकडे बघत होती, मग गळ्याकडे, मग पुन्हा कपाळाकडे.

ती एका हाताने स्कर्ट धरून माझ्यापर्यंत आली. मेधाला खूण करून ट्रे माझ्या हातातून काढायला लावला. ओटीत हात घालून एक नाणं शोधलं, कालिकेच्या जिभेवर अजून कुंकू असलेलं, आणि माझ्या तळहातावर ठेवलं. माझी बोटं तिने एकेक करून मिटली.

मग तिने तोच हात माझ्यापुढे पसरला, वाण घ्यायला पसरतात तसा, आणि थांबली.